भूलतज्ज्ञ व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेडिकलला जाऊ पाहणारी मुलं, एमबीबीएसनंतर शाखा निवडताना अडलेले डॉक्टर आणि या दोघांचे काळजीत पडलेले आईवडील यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न रुग्णांचे आहेत, पण या कामाची खरी कल्पना त्यांच्याच उत्तरांतून येते. मी स्वतः याच शाखेत आहे, तेव्हा थोडं झुकतं माप गृहीत धरा.

भूलतज्ज्ञ हा पूर्ण डॉक्टर असतो का?

हो. आधी एमबीबीएस किंवा त्या त्या देशातली तशीच पदवी आणि त्यावर काही वर्षांचं भूलशास्त्राचं शिक्षण. सर्जन जेवढा डॉक्टर, तेवढाच हाही. शंका येते ती एवढ्याचसाठी की रुग्णाची आणि भूलतज्ज्ञाची ओळख पाच-दहा मिनिटांची असते, आणि त्यानंतर रुग्ण शुद्धीवर नसतो.

भूल दिली की काम संपलं ना? मग तो थिएटरमध्ये बसून काय करतो?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. भूल देणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं औषध शिरेतून दिलं की अर्ध्या-पाऊण मिनिटात माणूस बेशुद्ध होतो. एवढं तर कुणालाही जमेल. पण त्याच वेळात बहुतेकांचा श्वास मंदावतो किंवा थांबतो, रक्तदाब उतरतो आणि जीभ मागे पडून घसा बंद होऊ लागतो. तिथून भूल उतरेपर्यंत या माणसाचा श्वास, रक्ताभिसरण, अंगातली ऊब, सलाईन, साखर, वेदना हे सगळं दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचं असतं. ते सांभाळणं हेच काम.

पहिली काही मिनिटं जवळून बघण्यासारखी असतात. आधी मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन, साधारण तीन मिनिटं. त्याने फुप्फुसातला नायट्रोजन बाहेर पडतो आणि तिथे ऑक्सिजनचा साठा होतो. साध्या हवेवरच्या माणसाचा श्वास थांबला तर मिनिट-दोन मिनिटांत रक्तातला ऑक्सिजन घसरायला लागतो; असा साठा केलेल्या धडधाकट माणसाच्या बाबतीत सात-आठ मिनिटं हातात मिळू शकतात. लठ्ठ माणूस, गरोदर बाई, लहान मूल यांच्या बाबतीत बरीच कमी. मग औषध. पापणीच्या केसांना बोट लावून बघायचं, पापणी हलली नाही की रुग्ण गेला झोपेत. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने मास्क चेहऱ्यावर घट्ट, उरलेल्या तीन बोटांनी जबडा वर उचललेला, उजव्या हातात श्वास द्यायचा फुगा. छाती वर येते का? आली की जीव भांड्यात पडतो. मग स्नायू सैल करणारं औषध, लॅरिंगोस्कोपने (घशात बघायच्या दिव्याच्या साधनाने) जीभ बाजूला, समोर पांढरट स्वरतंतू, आणि त्यांच्यामधून ट्यूब. ट्यूब नीट गेलेली डोळ्यांनी बघितली तरी खात्री करायची ती कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावरून. दर श्वासाला मॉनिटरवर चौकोनी टेकाड उमटलं तर ट्यूब श्वासनलिकेत आहे. रेष सपाट राहिली तर ती अन्ननलिकेत आहे असंच धरायचं आणि वेळ न घालवता काढायची. इथे स्वतःच्या नजरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी पूर्वी रुग्ण गमावलेले आहेत.

त्यानंतर तासन्‌तास बघत राहणं. पल्स ऑक्सिमीटरचा बीप ऑक्सिजन उतरला की खालच्या सुरात जातो, त्यामुळे पाठमोऱ्या उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाचीही मान आपोआप वळते. रक्त किती गेलं हे आधी सक्शनच्या बाटलीत आणि भिजलेल्या मॉपमध्ये दिसतं, मॉनिटरवर नंतर. तरुण माणसाचं शरीर बराच वेळ रक्तदाब धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं. सर्जनने पोटातलं काही ओढलं की नाडी खाली येते, सोडलं की परत वर. हे सगळं वेळेवर टिपलं की पुढचं संकट येतच नाही. दिवस उत्तम गेला याचा अर्थ कुणाला सांगण्यासारखं काहीही घडलं नाही. ज्यांना हे चालतं त्यांनाच ही शाखा मानवते.

संपूर्ण भूल म्हणजे गाढ झोपच ना?

नाही. झोपलेल्या माणसाला कापलं तर तो किंचाळत उठेल. संपूर्ण भुलेत मेंदूची जाणीव औषधाने बंद केलेली असते, वेदनेसाठी वेगळं औषध असतं आणि गरज असेल तर स्नायू सैल करायला तिसरं. तिन्ही वेगवेगळी मोजायची, वेगवेगळी उतरवायची. रुग्णाला आम्हीही 'आता झोपवतो' असंच सांगतो, कारण ऑपरेशनच्या सकाळी खरं वर्णन ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नसतं.

शिवाय प्रत्येक ऑपरेशनला संपूर्ण भूल लागतेच असं नाही. कमरेतून मणक्यात दिलेल्या इंजेक्शनने पोटाखालचा भाग काही तास बधिर होतो. सिझेरियन, गुडघा, प्रोस्टेट अशा कितीतरी गोष्टी त्यावर होतात. हाताच्या किंवा पायाच्या एखाद्या नसेभोवती औषध सोडून तेवढाच भाग बधिर करता येतो, आणि ती नस आता सोनोग्राफीवर बघून शोधतात. मणक्यातल्या इंजेक्शनने पाठ जन्मभर दुखते ही भीती फार खोल बसलेली आहे. टोचलेली जागा दोन-चार दिवस दुखते, आणि काहींना मणक्यातलं पाणी झिरपल्यामुळे बसल्यावर वाढणारी डोकेदुखी होते, ती खरी. कायमची पाठदुखी मात्र त्या सुईच्या खात्यावर लिहू नये. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खालच्या फटीतून जाते.

ऑपरेशन चालू असताना रुग्ण मध्येच जागा झाला तर?

होऊ शकतं, पण फार क्वचित. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या रुग्णालयांतून गोळा केलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत संपूर्ण भूल दिलेल्या सुमारे १९,००० रुग्णांमागे एकाने अशी आठवण सांगितली होती. संपूर्ण भुलेखाली केलेल्या सिझेरियनमध्ये हे प्रमाण बरंच जास्त, सुमारे ६७० मध्ये एक, निघालं. तिथे बाळाला औषध कमीत कमी पोचावं म्हणून हात आखडता असतो आणि वेळही नसतो. धोका वाढतो तो मुख्यतः स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असताना, कारण रुग्णाला हलून सांगता येत नाही. म्हणून भुलेच्या वायूचं प्रमाण श्वासागणिक मोजतात, आणि शिरेतून भूल चालू ठेवली असेल तर कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरी बघतात. रुग्णाने नंतर 'मला आवाज ऐकू येत होते' असं सांगितलं तर ते हसण्यावारी न्यायचं नाही, हे शिकून घ्यावं लागतं.

उपाशी का ठेवतात?

भुलेत खोकल्याची आणि गिळण्याची प्रतिक्रिया जाते. पोटातलं वर आलं तर ते सरळ फुप्फुसात जातं. साधारण नियम असा: हलकं खाणं सहा तास आधी, तेलकट किंवा जड असेल तर आठ, अंगावरचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. लोक दोन्हीकडे टोक गाठतात. काही जण आदल्या रात्रीपासून पाणीही घेत नाहीत आणि सकाळी कोरडे पडून येतात, तर काही 'थोडंसंच खाल्लं' असं टेबलावर झोपल्यावर सांगतात. दुसरा प्रकार लपवला तर जिवावर बेततो.

ही शाखा किती जुनी आहे?

१६ ऑक्टोबर १८४६ ही तारीख धरतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवलं आणि सर्जन जॉन वॉरन यांनी रुग्णाच्या मानेवरची गाठ काढली. जगभर हा दिवस भूल दिन म्हणून पाळतात. खरं तर जॉर्जियातल्या क्रॉफर्ड लाँग यांनी १८४२ मध्येच ईथर वापरलं होतं, पण छापलं १८४९ मध्ये, म्हणून पहिलेपणाचा मान गेला. होरेस वेल्स यांनी १८४५ मध्ये नायट्रस ऑक्साइड या हसवणाऱ्या वायूचं प्रात्यक्षिक केलं तर रुग्ण ओरडला आणि त्यांची फजिती झाली.

मणक्यातली भूल ऑगस्ट बिअर यांनी जर्मनीत १८९८ मध्ये सुरू केली. त्यांनी आणि त्यांच्या सहायकाने ती एकमेकांवर करून पाहायचं ठरवलं. बिअर यांच्या वेळी सिरिंज सुईवर नीट बसेना, पाणी वाहून गेलं. सहायकाच्या वेळी जमलं, आणि पाय बधिर झालेत का हे बघायला त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारण्यापर्यंत मजल गेली. नंतर दोघांनाही डोकेदुखी झाली, आणि बिअर तर काही दिवस अंथरुणाला खिळले. मघाशी सांगितलेली ती डोकेदुखी हीच, आणि तिचं पहिलं वर्णनही बिअर यांचंच.

पण शाखेला आजचं रूप आलं ते पुढे. १९४२ मध्ये माँट्रियलला हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी क्युरारे वापरून स्नायू सैल केले, तेव्हापासून खोल भूल न देताही पोटातलं ऑपरेशन करता येऊ लागलं. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व मांडलं. त्याआधी ऑक्सिजन कमी पडल्याचं कळायचं ते ओठ आणि नखं निळी पडल्यावर, म्हणजे उशिरा.

दिवस कसा असतो?

लवकर सुरू होतो. पहिला रुग्ण आत यायच्या आधी मशीन तपासायचं: ऑक्सिजनचा दाब, सर्किटमध्ये गळती आहे का, सक्शन ओढतं का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का. औषधं भरून प्रत्येक सिरिंजवर लेबल. बिनलेबलची सिरिंज कुणीही भरलेली असो, ती फेकायची. दोन पारदर्शक औषधांमधला फरक डोळ्यांना दिसत नाही.

मग रुग्णाशी बोलणं. आदल्या दिवशी किंवा काही दिवस आधी तपासणी झालेली असते, तरी पुन्हा विचारायचं: दमा, रक्तदाब, आधी कधी भूल घेतली होती का, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का, दात हलतो का. तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगतात तेव्हा रुग्णाला वाटतं घसा बघताहेत. खरं तर ट्यूब टाकायला किती जागा आहे त्याचा अंदाज घेणं चालू असतं. ही मुळात तीन पायऱ्यांची पद्धत शेषगिरी मल्लमपट्टी या भारतीय वंशाच्या भूलतज्ज्ञांनी १९८५ मध्ये बोस्टनमधून मांडली, आणि आज जगातला जवळजवळ प्रत्येक भूलतज्ज्ञ त्यांचं आडनाव रोज घेतो.

मग यादीतलं एकेक ऑपरेशन. दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात रिकव्हरीतल्या रुग्णाला बघणं, उलटी, थंडी, दुखणं यांचा बंदोबस्त. दुपारी प्रसूती विभागातून एपिड्यूरलसाठी, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून द्यायच्या औषधासाठी, फोन. संध्याकाळी उद्याच्या रुग्णांची तपासणी. रात्रीची ड्यूटी असेल तर अपघात, अडलेली बाळंतपणं, फुटलेलं अपेंडिक्स. जेवण कधी होईल ते सर्जन आणि रुग्णाच्या नशिबावर.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर काही असतं का?

खूप. आयसीयू ही तर याच शाखेची देणगी. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली माणसं पटापट दगावत होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचवलं की थिएटरमध्ये करतो तेच करू: गळ्यातून नळी आणि हाताने फुगा. यंत्रं पुरेशी नव्हती, म्हणून सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे हाताने फुगे दाबले. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं आणि असे रुग्ण एका जागी ठेवून चोवीस तास बघायची पद्धत रूढ झाली.

याशिवाय पेन क्लिनिक, कॅन्सरच्या रुग्णांचं दुखणं, एमआरआयसाठी लहान मुलांना झोपवणं, मानसोपचार विभागात शॉक ट्रीटमेंटच्या वेळची भूल, आणि रुग्णालयात कुठेही हृदय बंद पडलं की धावत जाणं.

सर्जनच्या हाताखाली काम करावं लागतं का?

नाही, शेजारी. रुग्ण ऑपरेशनला योग्य आहे की नाही, आज करायचं की आठवड्याने, हे सांगणं भूलतज्ज्ञाचं काम आहे आणि 'आज नाही' म्हणायची धमकही त्याच्याकडे हवी. व्यवहारात हे नेहमी इतकं सरळ नसतं. रुग्ण सर्जनच्या नावाने येतो, आभार सर्जनचे मानतो, आणि स्वतंत्र प्रॅक्टिस करणाऱ्या भूलतज्ज्ञाला बोलावतोही सर्जनच. ज्याच्यावर पुढचं काम अवलंबून त्यालाच नाही म्हणणं जड जातं. चांगले सर्जन असा नकार मनाला लावून घेत नाहीत, काही घेतात. कुणाबरोबर काम करायचं हे निवडता येऊ लागलं की या शाखेतलं निम्मं समाधान त्यातच असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेली सुरक्षा यादी यासाठीही कामाची. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी सगळ्यांनी थांबून मोठ्याने तपासायचं, म्हणजे सगळ्यात ज्युनियर नर्सलाही बोलायची अधिकृत संधी मिळते.

भूलतज्ज्ञ व्हायला किती वर्षं लागतात?

देशागणिक वेगळं. भारतात नीट-यूजी देऊन एमबीबीएस: साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. मग नीट-पीजी, आणि एम्स, पीजीआय, जिपमर अशा संस्थांसाठी आयएनआय-सीईटी. त्यातून भूलशास्त्रात एमडी किंवा डीएनबी, दोन्ही तीन वर्षांचे. दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर बारावीनंतर साडेआठ वर्षं. पीजीच्या तयारीत जाणारं वर्ष-दोन वर्षं बहुतेक जण धरत नाहीत, ती धरावीत. पुढे हृदय, मेंदू, लहान मुलं किंवा अतिदक्षता यांत डीएम ही पुढची पदवी करायची तर आणखी तीन.

ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षांचा फाउंडेशनचा काळ, मग किमान सात वर्षांचं प्रशिक्षण आणि त्यात तिथल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या, एफआरसीएच्या परीक्षा. अमेरिकेत चार वर्षं कॉलेज, चार वर्षं मेडिकल, चार वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घेतलेलं शाखेचं शिक्षण. परदेशात जायचं असेल तर त्या देशाची परवाना परीक्षा आधी बघा. इथली पदव्युत्तर पदवी सगळीकडे जशीच्या तशी चालत नाही, आणि हे एमडी झाल्यावर कळणं महागात पडतं.

शाळेतले कोणते विषय उपयोगी पडतात?

प्रवेशापुरते भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. गंमत अशी की बॉइलचा नियम, वायूंचे आंशिक दाब, द्रवाचं बाष्प होताना लागणारी उष्णता हे परीक्षेनंतर विसरून जायचे विषय याच शाखेत रोज हाताशी लागतात. सिलेंडरच्या काट्यावरून किती वेळ ऑक्सिजन पुरेल ते काढायचं म्हणजे बॉइलच.

मला हवी ती शाखा मिळत नाहीये, भूलशास्त्र मिळतंय. घेऊ का?

या शाखेत आलेल्यांपैकी बरेच जण असेच आले आहेत, त्यामुळे लाजू नका. पण घेण्याआधी दोन-तीन पूर्ण दिवस भूलतज्ज्ञाच्या बाजूने थिएटरमध्ये उभे राहा. एमबीबीएसच्या काळात आपण सगळे पडद्याच्या सर्जनकडच्या बाजूला उभे असतो, त्यामुळे भूलतज्ज्ञाच्या बाजूला काय चालतं ते दिसलेलंच नसतं. तिथे उभं राहून कंटाळा आला आणि सारखी नजर पडद्यापलीकडे चिऱ्याकडे जात राहिली, तर उत्तर मिळालं. आकडे का बदलले हे विचारावंसं वाटलं तर तेही उत्तरच. औषध दिलं आणि तीस सेकंदांत परिणाम डोळ्यांसमोर दिसला, हे सुख इतर शाखांत क्वचित मिळतं. उलट, एकाच रुग्णाला वर्षानुवर्षं बघत त्याच्या घरातलं माणूस व्हायची ओढ असेल तर इथे फार कमी मिळेल. पेन क्लिनिकमध्ये थोडं मिळतं.

रेसिडेन्सीत काय शिकवतात? पहिलं वर्ष खरंच इतकं कठीण असतं का?

असतं. बाकीच्या शाखांत निर्णयाला तास-दोन तास मिळतात, इथे मिनिटं. सगळ्यांना ट्यूब टाकायची घाई असते, पण आधी शिकायचं ते मास्क धरणं. ट्यूब गेली नाही म्हणून रुग्ण दगावत नाही, ऑक्सिजन पोचला नाही म्हणून दगावतो, हे वाक्य सीनियर पहिल्या आठवड्यापासून कानीकपाळी ओरडत असतात. मणक्यातलं इंजेक्शन शिकताना हाताला सुईच्या टोकाची भाषा कळायला लागते: आधी रबरासारखा विरोध, मग टचकन सुटल्याची जाणीव, आणि सुईच्या मागच्या टोकाला स्वच्छ पाण्याचा थेंब. पहिल्या काही वेळा हाडच लागतं. नंतर एक दिवस लागत नाही, आणि काय बदललं ते नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या वर्षापासून अवघड रुग्ण मिळू लागतात: हृदयाची झडप आकसलेली, नवजात बाळ, जबडा उघडत नाही असा तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण. अशाला जागेपणीच नाकातून फायबरस्कोपने, म्हणजे आत बघता येणाऱ्या लवचीक दुर्बिणीने, ट्यूब टाकतात. हे नीट केलेलं बघितलं की भूलशास्त्र हा बोलण्याचाही विषय आहे हे पटतं, कारण अर्धं काम रुग्णाशी सतत बोलत राहण्याने होतं.

कोणता स्वभाव लागतो?

घाईत शांत आणि शांततेत सावध. दुसरं पहिल्यापेक्षा कठीण. मदत लवकर मागता आली पाहिजे. अडकल्यावर एकट्याने लढणारा भूलतज्ज्ञ हा रुग्णाला सगळ्यात मोठा धोका. हात थरथरतात म्हणून घाबरणारे विचारतात, तर ती थरथर सरावाने जाते. बेफिकिरी सरावाने वाढते.

स्त्री डॉक्टरांसाठी ही शाखा कशी आहे?

चांगली. पहिल्यापासून इथे स्त्रिया आहेत. १८८९ च्या सुमारास हैदराबादेत क्लोरोफॉर्म देणाऱ्या रूपाबाई फर्दूनजी यांना जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ मानलं जातं. नवजात बाळाला जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला दहापैकी गुण देतात, ती पद्धत व्हर्जिनिया ॲपगार या भूलतज्ज्ञांची, १९५२ सालची. त्यांना सर्जन व्हायचं होतं, पण बाईला सर्जरीत पोट भरता येणार नाही असं सांगून त्यांना इकडे वळवलं गेलं.

तास मात्र 'सोयीचे' असतात हा समज सोडा. ड्यूटी संपली की रुग्ण दुसऱ्याकडे सोपवता येतो, ही सोय खरी. रात्रपाळ्या आणि अवेळीचे फोनही तितकेच खरे. गरोदरपणात थिएटरमधल्या वायूंची काळजी वाटते, ती रास्त आहे. वायू बाहेर ओढून नेणारी यंत्रणा चालू आहे का हे विचारायचा हक्क आहे, आणि एक्स-रे चालणाऱ्या थिएटरमधून बदली मागायचाही.

पगार?

आकडे देत नाही, कारण जागा आणि वर्षागणिक ते बदलतात. रचना सांगतो. नोकरीत ठरलेला पगार, ठरलेल्या ड्यूट्या आणि पाठीशी टीम. स्वतंत्र प्रॅक्टिसमध्ये केसमागे पैसे, मोकळेपणा, पण सुट्टी घेतली की कमाई थांबते आणि छोट्या रुग्णालयात अडचण आली तर हाताशी दुसरा भूलतज्ज्ञ नसतो. सुरुवातीची काही वर्षं मोठ्या ठिकाणी काढून मग बाहेर पडावं, हा सल्ला मी सगळ्यांना देतो. ऐकतात थोडे.

या कामात धोके कोणते?

सुई टोचणं, पाठदुखी, अपुरी झोप, कायदेशीर तक्रारी, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी बोललं जातं ते व्यसनाबद्दल. फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक, प्रोपोफॉल ही औषधं रोज हातात असतात, त्यांचा नेमका डोस माहीत असतो, आणि थकवा किंवा नैराश्य आलं की काहींचा हात तिकडे जातो. भूलतज्ज्ञांमध्ये हा व्यवसायाचाच धोका मानला जातो. सहकारी सारखा एकटा राहू लागला, दुसऱ्यांच्या ड्यूट्या मागून घेऊ लागला, नोंदीत औषधं जास्त आणि तरीही रुग्णाला दुखतंय असं दिसलं, तर गप्प बसू नये. चुगली वाटते, पण गप्प बसण्याची किंमत बरेचदा त्याचा जीव असते.

रुग्ण टेबलावर दगावला तर?

पूर्ण कारकीर्दीत हे कधीच होणार नाही अशा हिशेबाने कुणी येऊ नये. नातेवाइकांशी बोलायला सर्जनबरोबर स्वतः जा, साध्या शब्दांत सांगा, नोंदी त्याच दिवशी लिहा आणि नंतर त्यात खाडाखोड करू नका. आणि त्या दिवशी पुढची केस करू नका; यादी कितीही लांब असो, दुसऱ्याला बोलवा. आपल्याकडे 'चला, पुढचा घ्या' ही मर्दानी रीत अजून आहे, ती वाईट आहे.

यंत्रं आणि एआय हे काम घेतील का?

प्रयत्न झालेत. एंडोस्कोपीच्या रुग्णांना आपोआप प्रोपोफॉल देणारं सेडासिस नावाचं यंत्र अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झालं आणि खप नसल्याने २०१६ मध्ये बाजारातून गेलं. डोस ठरवणारे पंप येतील, आलेच आहेत, आणि ते थकत नाहीत म्हणून स्वागतच आहे. नोंदी लिहिणं तर यंत्राने कधीच घ्यायला हवं होतं. पण घसा बंद झाल्यावर जबडा उचलायला हात लागतो.

शाखा घेतली आणि आवडली नाही तर?

पहिल्या सहा महिन्यांवर मत बनवू नका, ते सगळ्यांनाच नकोसे वाटतात. वर्षभरानंतरही सकाळी यादी बघून पोटात गोळा येत असेल तर विभागप्रमुखांशी बोला. पदवी पूर्ण करून आयसीयू, पेन किंवा पॅलिएटिव्ह केअरकडे (बरा न होणारा आजार असलेल्यांचा त्रास कमी करण्याकडे) वळता येतं. थिएटर न आवडणाऱ्या बऱ्याच जणांना तिथे सूर सापडतो. सोडायचीच असेल तर आधी जागा सोडण्याचे नियम आणि बाँड वाचा, मग राजीनामा लिहा.